तलावाकाठच्या रात्रीसाठी कोणता स्टोव्ह?

गोंदिया जिल्ह्याची ओळख 'तलावांचा जिल्हा' अशी करून दिली जाते आणि ती अतिशयोक्ती नाही. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा धानाच्या शेतीवर जगतो आणि हे धान तलाव-बोड्यांच्या पाण्यावर पिकते. कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वी बांधलेल्या तलावांपैकी नवेगावबांध हा सर्वांत प्रसिद्ध. तो कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते. पुढे गाढवी नदीवरील इटियाडोहसारखी मोठी धरणे झाली. नागपूर-रायपूरच्या शहरी मंडळींना अलीकडे या पाण्याची ओढ लागली आहे. शनिवारी दुपारी निघायचे, रात्र पाळीवर गळ टाकून काढायची आणि रविवारी परतायचे, असा हा बेत असतो. मागूर आणि शिंगी हे मासे रात्रीच जास्त हालचाल करतात, त्यामुळे जागरणाला निमित्तही पुरते. या बेतात गळ, दोरी आणि आमिष यांची चर्चा आठवडाभर चालते. रात्री चहा कशावर करायचा, हा प्रश्न मात्र गाडीत बसल्यावर आठवतो. मग घरातला जुना स्टोव्ह किंवा कोणाकडून तरी मागून आणलेला छोटा सिलिंडर डिकीत टाकला जातो. वास्तविक या संपूर्ण सहलीतील सर्वांत धोकादायक वस्तू तीच असते.

स्टोव्ह निवडण्यापूर्वी जागा निवडावी लागते, कारण जागेवरून पुष्कळ गोष्टी ठरतात. जिल्ह्यातील बहुतेक तलावांतील मासेमारीचे हक्क स्थानिक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. ढिवर समाजाची रोजीरोटी त्यावर अवलंबून आहे. संस्थेची संमती घेतल्याशिवाय गळ टाकणे हा शिष्टाचाराचा भंग तर आहेच, पण तो दुसऱ्याच्या उत्पन्नावरचा हातही आहे. दुसरे असे की, नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नागझिरा, नवीन नागझिरा आणि कोका ही अभयारण्ये मिळून डिसेंबर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. त्याच्या हद्दीत परवानगीवाचून प्रवेश नाही, मुक्काम नाही, आणि चूल तर नाहीच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि भारतीय वन अधिनियम, १९२७ या दोहोंत वनात आग लावण्याविरुद्ध तरतुदी आहेत. तेव्हा हा लेख वनहद्दीबाहेरच्या, गावालगतच्या आणि रीतसर परवानगीच्या तलावांपुरता आहे, असे वाचकांनी समजावे.

तीन दगडांची चूल हा सर्वांत जुना आणि सर्वांत देखणा पर्याय. तुराट्या आणि वाळक्या काटक्या पेटवून भाजलेल्या मरळीची सर कशालाच येणार नाही, हे मान्य. पण हा मोह शेताच्या बांधावर, घरमालकाच्या देखत आणि पावसाळ्यानंतरच्या ओलसर दिवसांतच पुरवावा. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाच्या लेखी वणव्याचा हंगाम. याच काळात मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो आणि अनेक वणव्यांचे मूळ तिथेच असते. अशा दिवसांत पाळीवरच्या वाळल्या गवतात शहरातून आलेल्या माणसाने चूल पेटवणे म्हणजे गावकऱ्यांच्या डोक्याला ताप. त्यातून सरपण रात्रीच्या दवाने ओले झाले, तर धुरापलीकडे काही हाती लागत नाही.

दुसरा पर्याय रॉकेलच्या स्टोव्हचा. तरुण वाचकांना तो आजीच्या घरातील अडगळीतच दिसला असेल. १८९२ मध्ये स्टॉकहोमच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने हवेच्या दाबावर चालणारा बिनकाजळीचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर गेले. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही तो होता. टाकीत पंपाने हवा भरायची, काकडा स्पिरिटमध्ये भिजवून बर्नरभोवती लावायचा, बर्नर तापला की रॉकेलची वाफ होऊन निळी ज्योत भरभरू लागते. थंडीचा त्याच्यावर परिणाम होत नाही, वाऱ्यालाही तो बऱ्यापैकी तोंड देतो आणि अर्धा लिटर रॉकेलात चौघांची रात्र सहज निघते. तोटे मात्र आता जड झाले आहेत. पूर्वी घरोघरी येणारे रेशनचे रॉकेल शहरी कुटुंबांना दुर्मीळ झाले आहे. वॉशर बदलून देणारा आणि नोझल साफ करणारा कारागीर शोधावा लागतो. रॉकेलमध्ये पेट्रोलची किंचित भेसळ असली, तरी हा स्टोव्ह घातक ठरतो. ('स्टोव्हचा भडका' हे शब्द एके काळी कितीतरी नववधूंच्या मृत्यूच्या बातम्यांत येत. त्यातले सारेच भडके स्टोव्हचे नव्हते, ही गोष्ट निराळी.) वातीचा स्टोव्ह तुलनेने सुरक्षित, पण उघड्यावरच्या वाऱ्यात त्याची ज्योत टिकत नाही. ज्याला पिन मारण्यापासून सारे अंगवळणी पडले आहे, त्याने पंपाचा स्टोव्ह खुशाल न्यावा. नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

आज बहुतेकांचा कल गॅसकडे असतो, आणि नेमक्या येथेच सर्वाधिक निष्काळजीपणा दिसतो. बाजारात मिळणारे दोन-तीन किलोंचे बिनशिक्क्याचे सिलिंडर, त्यावरच घट्ट बसवलेला बर्नर आणि घरगुती सिलिंडरमधून नळीने भरून दिलेला गॅस, हे दृश्य छोट्या शहरांत अनोळखी नाही. हे भरणे बेकायदा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती भरले याला माप नसते. द्रवरूप गॅस तापला की प्रसरण पावतो, म्हणून अधिकृत सिलिंडरमध्ये वरची जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. काठोकाठ भरलेल्या सिलिंडरमध्ये ती उरत नाही. मग उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत काय घडू शकते, याची कल्पना करावी.

त्याला सरळ मार्ग उपलब्ध आहे. तेल कंपन्यांनी २०१३ पासून पाच किलोंचे सिलिंडर जोडणीच्या कागदपत्रांशिवाय, केवळ ओळखपत्रावर विकण्यास सुरुवात केली. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याला 'छोटू' असे नाव दिले. वितरकांकडे आणि काही पेट्रोल पंपांवर तो मिळतो. भरलेल्या अवस्थेत त्याचे वजन दहा किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे पाठीवर घेऊन चालणाऱ्याच्या तो कामाचा नाही. पण गाडी पाळीपर्यंत जात असेल आणि मंडळी चारपेक्षा अधिक असतील, तर याहून स्वस्त आणि भरवशाचे दुसरे साधन नाही. त्याला जोडायचा रेग्युलेटर व नळी मानक चिन्हाचीच असावी आणि शेगडी सिलिंडरपासून नळीच्या अंतरावर ठेवावी. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे गळती झाली तर तो वर उडून जात नाही. खोलगट जागेत साचतो. म्हणून डोंग्यात किंवा नावेत शेगडी पेटवण्याचा विचारही करू नये. डोंग्याचा तळ म्हणजे गॅस साठवायला केलेले भांडेच.

दोघे-तिघे असतील तर ब्यूटेनच्या डब्यांवर चालणारी, पेटीत बसणारी शेगडी सोयीची. फवाऱ्याच्या डब्यासारखा दिसणारा, सुमारे २२० ग्रॅम गॅसचा डबा तिच्या बाजूच्या कप्प्यात आडवा बसतो. डब्याच्या गळ्याशी एक खाच असते, ती वरच्या बाजूलाच यायला हवी. कारण आतली नळी त्या खाचेच्या दिशेला वाकवलेली असते आणि आडव्या डब्यात वर वायू, खाली द्रव अशी स्थिती असते. खाच खाली गेली की बर्नरकडे वायूऐवजी द्रव जातो आणि ज्योत एकदम उसळते. एवढी साधी गोष्ट, पण शेगडी विकणारे ती क्वचितच सांगतात. रिकामा डबा पुन्हा भरून घेण्याचे उद्योगही काही जण करतात. हे डबे एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असतात, त्यांची झडप दुसऱ्यांदा भरण्यासाठी केलेली नसते.

या डब्यांची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. विदर्भातील नीचांकी तापमान अनेकदा गोंदियातच नोंदले जाते आणि पहाटे पारा ८ अंशांच्या खाली उतरतो. शुद्ध ब्यूटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो, म्हणजे त्याखाली त्याची वाफच होत नाही. ८ अंशांना ती होते, पण नाखुशीने. बाहेरच्या हवेहून जास्तीचा जो दाब गॅसला बर्नरकडे ढकलतो, तो ३० अंशांना असतो त्याच्या जेमतेम पाचवा हिस्सा उरतो. शिवाय वाफ होताना डबा स्वतःच आणखी थंड पडतो. परिणामी संध्याकाळी जोरात चाललेली शेगडी पहाटेच्या चहाला मिणमिणू लागते आणि डबा संपला असे वाटून तो फेकला जातो, प्रत्यक्षात आत गॅस शिल्लक असतो. उपाय दोन. रात्री डबा पांघरुणाजवळ ठेवावा, किंवा ज्यात प्रोपेन अथवा आयसोब्यूटेन मिसळलेले आहे असा डबा घ्यावा. प्रोपेन उणे ४२ अंशांना आणि आयसोब्यूटेन उणे १२ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे आपल्या थंडीची त्यांना मातब्बरी नाही. घरगुती सिलिंडरमध्येही प्रोपेन आणि ब्यूटेनचे मिश्रणच असते. डबा ज्योतीवर शेकणे हा मात्र उपाय नव्हे, तो आत्मघात आहे.

किती इंधन न्यावे, याचा हिशेब सोपा आहे. १५ अंशांचे एक लिटर पाणी उकळायला ८५ किलोकॅलरी उष्णता लागते. एक किलो गॅसपासून सुमारे ११,००० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे आदर्श स्थितीत ८ ग्रॅम गॅस पुरावा. उघड्यावर निम्म्याहून अधिक उष्णता वाऱ्याबरोबर जाते, म्हणून लिटरमागे २० ग्रॅम धरावेत. चौघांचा दोन वेळचा चहा, भात, माशाचा रस्सा आणि थोडे गरम पाणी मिळून पाच-सहा लिटरांचा हिशेब होतो, म्हणजे १०० ते १२० ग्रॅम. भात मुरवणे आणि रस्सा उकळत ठेवणे यांचे वेगळे धरले, तर एक डबा कसाबसा पुरतो. म्हणून दोन न्यावेत. मोठ्या आचेवर अशी शेगडी तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खाते, हेही ध्यानात ठेवावे. झाकण ठेवून शिजवणारा माणूस येथे महागड्या शेगडीपेक्षा अधिक बचत करतो.

तलावावरून येणारा वारा अडवायला पत्र्याचा आडोसा हवाच, पण तो वाऱ्याच्या बाजूने आणि अर्धाच. शेगडीला चहूबाजूंनी पत्रा गुंडाळला, किंवा शेगडीपेक्षा मोठे पातेले ठेवून डब्याचा कप्पा झाकला, की उष्णता डब्याकडे परतते. डब्यावर ५० अंशांहून अधिक तापू देऊ नये, अशी सूचना असते. विदर्भातील मे महिन्यात बंद गाडीच्या आत ही मर्यादा दुपारी सहज ओलांडली जाते, तेव्हा उन्हाळ्यात डबे गाडीत सोडून गळ टाकायला जाऊ नये.

कितीही थंडी असली तरी तंबूत शेगडी पेटवू नये, हा नियम मात्र सर्व प्रकारच्या स्टोव्हना सारखाच लागू आहे. बंद जागेत हवा अपुरी पडली की ज्वलन अर्धवट होते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेतल्या माणसाला तो जागे होण्याचीही संधी देत नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमण येथे केरळच्या आठ पर्यटकांचा हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपल्याने मृत्यू झाला, त्यांत लहान मुलेही होती. ते तर पक्क्या खोलीत होते. मेणकापडाचा तंबू दवाने भिजला की त्यातून हवा आणखीच कमी खेळते.

जे रेल्वेने गोंदियाला उतरून पुढे जाणार आहेत, त्यांच्यासाठी निवड आणखी मर्यादित होते. गॅसचा सिलिंडर वा डबा, रॉकेल, स्पिरिट यांपैकी काहीही डब्यात नेणे रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. अशांनी शेगडी रिकामी न्यावी आणि इंधन गोंदियात विकत घ्यावे. अर्जुनी मोरगावला पोहोचल्यावर हवा तसा डबा मिळेलच, या भरवशावर राहू नये. परतताना उरलेला डबाही गाडीत चढवता येत नाही. तो ओळखीच्या घरी ठेवून यावा. रिकामा झालेला डबा मात्र तलावाच्या पाळीवर टाकू नये. पुढच्या पावसात तो ढिवरांच्या जाळ्यात येतो आणि त्याचा गंजका काठ जाळे फाडतो.