ग्रेहाउंडची त्वचा आणि इतर कुत्र्यांची मापे

मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर १९२६ साली यांत्रिक सशामागे ग्रेहाउंड धावू लागले, तेव्हापासून ब्रिटनमध्ये ही शर्यत हा एक व्यवसाय झाला. ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिका या देशांत धावपट्टीवरून निवृत्त झालेले, बहुधा दोन ते पाच वर्षे वयाचे कुत्रे कुटुंबांकडे दत्तक जाऊ लागले. असा कुत्रा घरी येतो तेव्हा मांड्यांवर केस नसतात, पाठीवर कोंडा दिसतो, मानेभोवती पट्ट्याने घासलेली जागा असते आणि कोपरांवर घट्टे पडलेले असतात. हे पाहून प्रेमळ माणसे साबण, तेल, मलम आणि गोळ्या यांच्या मागे लागतात. यातल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच आहे. ते म्हणजे इतर जातींच्या कुत्र्यांचे, आणि पुष्कळदा माणसांचेही, माप ग्रेहाउंडला लावणे.

केस आखूड असल्याने या कुत्र्याला देखभाल जवळजवळ लागत नाही, असा एक समज आहे. याच्या उलट, धावपट्टीच्या पिंजऱ्यातून आलेला म्हणून त्याला दर आठवड्याला आंघोळ घातलीच पाहिजे, असाही समज आहे. ग्रेहाउंडच्या अंगावर केसांचा एकच विरळ थर असतो. लॅब्रेडॉरसारख्या कुत्र्यांना असतो तसा आतला दाट, मऊ थर त्याला नसतो, त्वचेखाली चरबीही फारच थोडी असते. त्यामुळे अंगाला वास कमी येतो आणि मळही फारसा साठत नाही. घरी आल्यावर एकदा कोमट पाण्याची आंघोळ, त्यानंतर आठवड्यातून एकदोनदा रबरी दातांच्या हातमोजाने हलक्या हाताने अंग चोळणे, एवढे बहुतेकांना पुरते. तारेच्या कुंच्याने मात्र त्वचेवर ओरखडे उठतात. आंघोळीला माणसांचा शाम्पू वापरू नये, कारण माणसाची त्वचा आम्लधर्मी असते, तर कुत्र्याची उदासीनतेकडे झुकणारी. वारंवार चुकीचा साबण लागल्यास त्वचेचे स्वतःचे स्निग्ध आवरण निघून जाते आणि ज्या कोंड्यासाठी आंघोळ घातली, तोच वाढतो.

सर्वांत जास्त घोळ उघड्या मांड्यांभोवती आहे. मांड्यांच्या मागच्या आणि बाहेरच्या बाजूचे केस जाऊन मऊ, गुळगुळीत कातडी दिसते; खाज नसते, लाली नसते, आणि तरीही ही चाई आहे, बुरशी आहे किंवा पिंजऱ्यात घासून झालेली जखम आहे, अशी निदाने घरीच केली जातात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा केसांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी झाली, तेव्हा केसाच्या दांड्याच्या रचनेतच दोष आढळला, म्हणजे घर्षण हे एकटे कारण नव्हे, असे दिसले. पुष्कळ कुत्र्यांना घरी आल्यावर काही महिन्यांत केस परत येतात, काहींना मुळीच येत नाहीत, आणि दोन्ही परिस्थितींत कुत्रा निरोगी असू शकतो. खाज, खपल्या, लालसरपणा किंवा शरीराच्या दोन्ही बाजूंना वेगाने पसरणारी चाई दिसली, तर मात्र पशुवैद्याकडे जावे.

इथेच थायरॉइडचा प्रश्न उभा राहतो. केस गेलेले, कुत्रा शांत आणि दिवसभर झोपलेला. रक्ततपासणीत थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइड ग्रंथीतून स्रवणाऱ्या मुख्य संप्रेरकाचे प्रमाण कमी दिसते आणि त्याला जन्मभराची गोळी सुरू होते. परंतु निरोगी ग्रेहाउंडमध्ये या संप्रेरकाचे प्रमाण इतर जातींपेक्षा स्वभावतःच कमी, पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात छापलेली मर्यादा सर्व जातींसाठी मिळून काढलेली असते. म्हणून केवळ त्या एका आकड्यावरून रोग ठरवणे चुकीचे आहे. थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक वाढलेले आहे का, लक्षणे काय आहेत, हे एकत्र पाहावे लागते. ज्याला गरज नाही त्याला गोळी देण्यापेक्षा, ग्रेहाउंडच्या रक्ताची मूल्ये माहीत असलेल्या पशुवैद्याला अहवाल दाखवण्याची चिकाटी ठेवणे कितीतरी हिताचे आहे.

केस यावेत म्हणून खोबरेल तेल चोळण्याची सवय मराठी घरांत जुनी आहे. ते विषारी नाही, पण कुत्रा ते चाटतो, जास्त झाले की जुलाब होतात, आणि केसाच्या दांड्याचा दोष बाहेरून लावलेल्या तेलाने दुरुस्त होत नाही. केसांची चमक आहारातून येते. चांगल्या प्रथिनांचे अन्न आणि पशुवैद्याने सुचवलेल्या मात्रेत माशाचे तेल यांचा परिणाम काही आठवड्यांत दिसतो. टी ट्री नावाच्या वनस्पतीचे सुगंधी तेल मात्र कुत्र्यांना विषारी आहे, त्यामुळे ते थेंबभरही लावू नये.

जखमांच्या बाबतीत ढिलाई परवडत नाही. इतर कुत्र्याला खरचटून भागेल तिथे ग्रेहाउंडची कातडी एखाद्या जुन्या धोतरासारखी टरकन फाटते: काटेरी कुंपणाला नुसता चाटून गेलेला कुत्रा घरी येतो, रक्त जेमतेम दोन थेंब असते, आणि बाजूला पाहावे तर तळहाताएवढा पापुद्रा सुटून खालचा गुलाबी स्नायू दिसत असतो. रक्त थोडे आहे म्हणून जखम किरकोळ आहे, हा समज घातक आहे. हळद किंवा पावडर भरल्यास ती पापुद्र्याच्या आत चिकटते आणि टाके घालणाऱ्याचे काम अवघड होते. मिठाच्या सौम्य पाण्याने धुऊन, स्वच्छ ओले फडके ठेवून लगेच पशुवैद्याकडे नेणे हाच मार्ग आहे. शिवाय या जातीत शस्त्रक्रियेनंतर रक्तस्राव उशिरा सुरू होऊ शकतो. नसबंदी केलेल्या ग्रेहाउंडच्या एका अभ्यासात सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांना ३६ ते ४८ तासांनी रक्तस्राव झाला, म्हणजे गाठ बांधण्यात चूक नसतानाही तो होतो. म्हणून टाके घातल्यावर पहिल्या दिवशी सारे ठीक दिसले, तरी पुढचे दोनतीन दिवस सूज आणि काळेनिळे डाग पाहत राहावे.

पायावर विनाकारण व्रण उमटला आणि कुत्रा सुस्तावून उलट्या करू लागला, तर तीही वेळ थांबण्याची नव्हे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंडमध्ये त्वचेच्या व्रणांबरोबर मूत्रपिंड निकामी होणारा एक विकार प्रथम आढळला. ब्रिटनमध्ये २०१२ पासून तो इतर जातींतही दिसत आहे.

पंजा उचलून लंगडणाऱ्या कुत्र्याला मुरगळले असेल असे मानले जाते. मात्र पंजाच्या गादीवर, बहुधा मधल्या बोटांच्या, टणक गोल कुरूप असते आणि कठीण रस्त्यावर लंगडणे वाढते, गवतावर कमी होते. माणसांच्या पायाला लावायच्या कुरुपाच्या औषधी पट्ट्या इथे वापरू नयेत, कारण त्यांतील आम्ल आजूबाजूची नाजूक गादी भाजते.

पिसू आणि गोचीड यांच्यासाठी कोणताही पट्टा चालतो, असे मानू नये. ग्रेहाउंडचे यकृत काही औषधे संथपणे निकामी करते, आणि भुलीच्या जुन्या बार्बिट्युरेट औषधांतून हे कुत्रे विलक्षण उशिरा शुद्धीवर येत. ऑर्गॅनोफॉस्फेट असलेले पट्टे म्हणूनच टाळावेत आणि बाकीचे पर्याय पशुवैद्याला विचारून निवडावेत. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन कुत्र्यालाही लावू नये, कारण ते मांजराचा जीव घेऊ शकते. गोचिडांतून होणारे बॅबेसिया आणि एर्लिकिया यांचे संसर्ग शर्यतीच्या पिंजऱ्यांत आढळतात आणि काही कुत्र्यांत लक्षणांशिवाय राहतात, त्यामुळे दत्तक घेताना रक्ताची एक तपासणी करून घेणे शहाणपणाचे आहे.

अंगावर जाकीट म्हणजे नुसते कौतुक, असे अनेकांना वाटते. चरबी आणि आतला थर नसलेला हा कुत्रा थंड पावसात खरोखर कुडकुडतो, तेव्हा जाकीट त्याची गरजच आहे. महाराष्ट्रातले कारवानी आणि कर्नाटकातले मुधोळ हे याच शिकारी बांध्याचे आखूड केसांचे कुत्रे उष्ण मैदानांत वावरतात, आयर्लंडच्या हिवाळ्यात नव्हे. ऊन मात्र दोघांनाही लागते: पांढऱ्या, विरळ केसांच्या पोटावर आणि कानांवर उन्हाने भाजते, आणि वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेचे कर्करोग होऊ शकतात. माणसांच्या झिंक ऑक्साइडयुक्त मलमाने पोटाचे रक्षण करू पाहिले, तर चाटल्यावर झिंकची विषबाधा होऊ शकते, म्हणून कुत्र्यांसाठीचेच मलम वापरावे. दुपारी अंगणात पाठीवर लोळून पाय वर करून झोपणाऱ्या ग्रेहाउंडला अधूनमधून सावलीत हलवावे आणि त्याच्या पोटावर नवा लाल ठिपका दिसला, तर तो त्याच आठवड्यात पशुवैद्याला दाखवावा.