पिंपरीची सिएरा विकताना

टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, पिंपरी-चिंचवडमधील कारखान्यातून १९९१ साली बाहेर पडलेली तीन दारांची सिएरा, आणि त्यातही चारही चाकांना इंजिनाची ताकद पोचवणारी तिची ‘फोर बाय फोर’ आवृत्ती, आज हौशी मंडळी आवर्जून शोधत असतात. मात्र अशी गाडी खपून पूर्ववत केल्यावर विकायला काढणाऱ्याने हे ओळखायला हवे, की जाणकार गिऱ्हाईक रंगाची चकाकी पाहून नव्हे, तर पत्रा आणि कागदपत्रे तपासून भाव ठरवते.

सिएराच्या मागच्या बाजूच्या, छतापर्यंत वळलेल्या मोठ्या न उघडणाऱ्या काचा ही तिची ओळख असली, तरी त्यांच्या कडेचे रबर कडक झाले की पाणी आत झिरपते आणि गालिच्याखालचा पत्रा कोणाच्या नकळत कुजतो. तेथे नवा पत्रा वेल्डिंगने बसवला आहे की पुट्टी भरून वर रंग मारला आहे, हे कामाच्या प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे आणि सुट्या भागांच्या पावत्या जपून ठेवल्या असतील तरच पटवून देता येते. चेसिस, म्हणजे गाडीचा सगळा भार पेलणारा लोखंडी सांगाडा, घासून रंगवताना त्यावर कोरलेला क्रमांक रंगाच्या थराखाली बुजला, तर पुढे आरटीओच्या तपासणीत गाडी अडते. म्हणून तो स्पष्ट वाचता येईल याची काळजी आधीच घेतलेली बरी.

केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनुसार ‘व्हिंटेज’ हा दर्जा पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या वाहनांनाच मिळत असल्यामुळे, अगदी पहिल्या सिएरांनाही २०४१ पर्यंत थांबावे लागेल. तोवर त्यांना सर्वसाधारण खासगी गाड्यांचाच नियम लागू राहतो, म्हणजे १५ वर्षांनंतर तपासणी करून दर ५ वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. इंजिन बदलले असेल, तर त्याची रीतसर परवानगी आणि आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, तशी नोंद हवी.

विक्रीनंतर नमुना २९ आणि ३० भरून मालकी हस्तांतर करणे बहुतेकांना किरकोळ वाटते, आणि नेमकी तेथेच मोठी चूक होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात स्पष्ट केले, की गाडी कितीही हातांतून गेली असली, तरी अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदणीवर नाव असलेल्या मालकावरच राहते. तेव्हा गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, आरसीवर त्याचे नाव चढेपर्यंत विक्रेत्याने पाठपुरावा सोडू नये.