ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियन व युनायटेड गोवन्स : सामाजिक आधाराचा तौलनिक विचार

युद्धपूर्व जर्मनीतील सेंटर पक्ष प्रामुख्याने कॅथलिकांपुरता मर्यादित होता. १९४५ मध्ये उदयास आलेल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटिक युनियनने कॅथलिक व प्रोटेस्टंट या दोन्ही पंथीयांना एकत्र आणले. १९५७ मध्ये बव्हेरियातील सहयोगी पक्षासह त्यास ५०.२ टक्के मते मिळाली.

गोव्यातील डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स हा पक्ष त्या विचारप्रणालीचा नव्हता. तथापि त्याचा आधार मुख्यत्वे कॅथलिक समाज हाच होता. १९६३ मध्ये त्यास ३० पैकी १२ जागा मिळाल्या. जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात अनेक हिंदू मतदारांनीही महाराष्ट्रातील विलीनीकरण नाकारले. परंतु त्यानंतरच्या निवडणुकीत पक्षाच्या जागा १२ च राहिल्या व सत्ता महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाकडेच राहिली. एका प्रश्नावरील ऐक्य म्हणजे पक्षाचा स्थायी सामाजिक आधार नव्हे, हेच यावरून स्पष्ट होते.