चंद्राचे सण (भाग ५) : चीनची आठवी पौर्णिमा आणि आपली कोजागिरी

गेल्या आठवड्यात आपण तेलंगणातल्या बतुकम्मा सणाची फुलं पाहिली. तेलुगू शेजारणींचं तंगेडू म्हणजे आपला तरवड, गुनुगू म्हणजे कुरडू. हा सण सर्वपित्री अमावास्येला बसतो. २०२५ साली ती २१ सप्टेंबरला होती, आणि त्याच अमावास्येनंतर चीनचा आठवा महिना लागला. म्हणून ६ ऑक्टोबरच्या रात्री हैदराबादच्या काचीगुडा, सुलतान बाजारातल्या मराठी घरांत कोजागिरीचं मसाला दूध आटत होतं, तेव्हा चिनी घरांत आठव्या महिन्याच्या पौर्णिमेच्या सणाचे मूनकेक कापले जात होते.

एरवी हा योग जुळत नाही. चीनमध्ये शरदसंपात, म्हणजे साधारण २३ सप्टेंबर, ज्या महिन्यात येतो तो आठवा महिना. आपण नक्षत्रांवरून मोजतो. सूर्य १७ सप्टेंबरच्या सुमारास कन्या राशीत जातो, तो आपला भाद्रपद. अमावास्या या दोन तारखांच्या मधे पडली तरच दोन्ही पौर्णिमा एक होतात. इतर बहुतेक वर्षी चिनी सण भाद्रपद पौर्णिमेला येतो. त्या दिवशी विदर्भ-खानदेशात मुली भुलाबाई बसवतात आणि महिनाभर गाणी म्हणून कोजागिरीला तिला निरोप देतात.

चिनी सण मुळात सुगीचा. चंद्रपूजा त्याहून जुनी असली, तरी घरोघरी साजरा होणारा सण म्हणून तो सोंग राजवटीत (९६०-१२७९) रुजला. गोल मूनकेकमध्ये कमळबियांचं सारण आणि खारवलेल्या अंड्याचं पिवळं बलक असतं. घरातली सगळी माणसं एकत्र यावीत, हे त्या रात्रीचं मागणं. आपल्याकडे त्याच ओढीने थोरल्या अपत्याला ओवाळतात, त्याची आश्विनी करतात. कोकणात हीच नवान्न पौर्णिमा. भाताच्या लोंब्या आणि आंब्याची पानं यांचं नवं दाराला बांधतात. मला कोजागिरीचं हे शेताकडचं रूप दुधाइतकंच मोलाचं वाटतं. शहरात ते विसरायला नको.

कथा तिकडची अशी : दहा सूर्यांनी पृथ्वी भाजू लागली, तेव्हा होउ यी या धनुर्धराने नऊ सूर्य पाडले. त्याला मिळालेलं अमृत त्याची पत्नी छांग-अ प्याली आणि चंद्रावर गेली. तिच्या सोबतीला ससा आहे, खलबत्त्यात औषध कुटणारा. चीनने आपली चांद्रयानं तिच्याच नावाने सोडली, आणि २०१३ साली चंद्रावर उतरवलेल्या गाडीला त्या सशाचं नाव दिलं.

चंद्रावरचा ससा आपल्या जातककथेतही आहे. अतिथीसाठी तो स्वतःला आगीत झोकून देतो, म्हणून शक्र, म्हणजे इंद्र, त्याचं चित्र चंद्रावर काढतो. ही कथा बौद्ध भिक्षूंबरोबर चीनला पोहोचली, हे खरं. पण तिथला ससा आपणच दिला असं म्हणता येणार नाही. चीनमधल्या मावांगदुईच्या थडग्यातल्या रेशमी पटावर चंद्रात ससा आणि बेडूक आहेत, आणि तो पट इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला, म्हणजे बौद्ध धर्म तिथे पोहोचण्याआधीचा आहे.

२०२६ मध्ये चिनी सण २५ सप्टेंबरला आहे आणि कोजागिरी २५ ऑक्टोबरला. दोन्ही रात्री गच्चीवर जा आणि मुलांना ससा दाखवा.