विहिरीवरचा पहारा

मुलांनो, सुट्टीत गावाला जाल तेव्हा शेतातल्या एखाद्या जुन्या विहिरीपाशी मोठ्या माणसांबरोबर जरूर जा. विहिरीत नंतर डोकवा. आधी आजूबाजूला नीट बघा. एखाद्या निंबाखाली नाहीतर काठावरच्या कोनाड्यात ओळीनं मांडलेले सात लहान दगड दिसतील. त्यांना शेंदूर फासलेला असेल. पुढ्यात नारळाची शकलं असतील, हिरव्या बांगड्या असतील, कदाचित खणाचा एखादा तुकडाही असेल.

ओळखलंत का या कोण? या सात आसरा, म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी! 'आसरा' म्हटलं की तुम्हाला निवारा आठवेल, पण हा शब्द निराळा. तो 'अप्सरा' या शब्दावरून आला असं मानतात, आणि संस्कृतात 'अप्' म्हणजे पाणी.

आता आपण जाऊ या जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला. याचं पूर्वीचं नाव एदलाबाद. संत मुक्ताबाईंच्या नावावरून ते मुक्ताईनगर झालं. या तालुक्यात चांगदेव गावाजवळ पूर्णा नदी तापीला मिळते. नद्यांनी आणलेली काळी कसदार माती, त्यात केळीच्या आणि कपाशीच्या बागा, आणि उन्हाळा असा की पाय भाजून निघावेत. नदी जवळ असली तरी तिचं पाणी आपण होऊन शेतात थोडंच चढतं? म्हणून विहिरी खोदायच्या. इंजिन आणि विजेचे पंप येण्याआधी या विहिरींवर मोटा चालत. बैल धावेवरून खाली उतरले, की चामड्याची भरलेली मोट वर यायची, तिच्या सोंडेतून पाणी थारोळ्यात पडायचं आणि तिथून पाटानं पिकाकडे धावायचं.

सगळ्या घराचं पोट या एका विहिरीवर! मग तिला नुसतं खड्डा कोण म्हणेल? खोदायला सुरुवात करताना नारळ फुटायचा. पाणी लागलं की घरची बाई विहिरीची ओटी भरायची. आणि मुलांना दटावलं जायचं, "भर दुपारी एकट्यानं विहिरीवर जाऊ नको, आसरा ओढून नेतील!"

आता जरा डोकं चालवा. दुपारीच का? आणि एकट्यानंच का नाही?

भर दुपारी बैल सोडलेले असतात, माणसं भाकरी खाऊन सावलीला लवंडलेली असतात. शिवारात चिटपाखरू नसतं. जुन्या विहिरींना बऱ्याचदा कठडा नसायचा आणि आतल्या पायऱ्या शेवाळानं निसरड्या झालेल्या असायच्या. अशा वेळी एखादं पोर घसरलं, तर त्याची हाक ऐकायची कोणी? कळलं ना? आसरा हा विहिरीवरचा पहारा होता. पगार नाही, सुट्टी नाही, आणि लहान पोरांनाही समजेल असा!

श्रावणात आजी कहाण्या सांगते, त्यात शीतळा सप्तमीची एक कहाणी आहे. एक राजा तळं बांधतो, पण तळ्याला काही केल्या पाणी लागत नाही. जलदेवता म्हणतात, सुनेचा थोरला मुलगा बळी दे. राजा सुनेला माहेरी धाडतो आणि नातवाचा बळी देतो. तळं भरतं. पुढं सून त्याच वाटेनं जाते, तळ्यात उभी राहून पूजा करते आणि पाण्यात बुडालेलं माणूस परत मागते. तेव्हा तिचा मुलगा पाण्यातून परत येतो.

ही कहाणी ऐकताना अंगावर काटा येतो. पाण्यासाठी माणूस काय काय करायला तयार होता, ते तिच्यात दिसतं. पण दोस्तांनो, कहाणीतलं मूल परत येतं, खऱ्या आयुष्यातलं येत नाही. म्हणून पुढचं नीट वाचा.

वापरात नसलेली विहीर साफ करायला एक माणूस उतरतो. थोडा खाली जातो आणि कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो. तोही कोसळतो. मग तिसरा! अशा बातम्या तुम्ही वर्तमानपत्रात वाचल्या असतील. पूर्वी लोक म्हणत, आसरांचा कोप झाला. खरं कारण हवेत असतं. कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून निघालेले वायू तळाशी साचतात. त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून तो वर येत नाही. विहिरीच्या आत डिझेल इंजिन चालवलं, तर विषारी कार्बन मोनॉक्साइड भरतो. त्याला ना रंग, ना वास. काही लोक आधी कंदील सोडून बघतात. पण कंदील विझला नाही म्हणजे विहीर सुरक्षित आहे, असं मुळीच नाही. म्हणून कोणी आत कोसळलं तर मागोमाग उतरायचं नाही. आरडाओरडा करून माणसं जमवायची, ११२ किंवा अग्निशमन दलाचा १०१ क्रमांक फिरवायचा.

आई-बाबांसाठीही एक शब्द. पाण्यावरून आल्यावर बाईला ताप भरला, ती बरळू लागली, तर "आसरा लागली" म्हणून तिला भगताकडे नेऊ नका. तिला डॉक्टरांकडे न्या. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला मारहाण करणं हा महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे.

मग भीती गेली की पहाराही गेला का? नाही! आपल्या खानदेशातच पाण्यावरचा दुसरा एक पहारा होता, आणि तो माणसांचा होता. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांवर गावकऱ्यांनी छोटे बंधारे बांधले. ही फड पद्धत काही शतकं जुनी आहे. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी मिळून एकच पीक घ्यायचं. पाटकरी पाट सांभाळायचा, बारेकरी शेताशेताला पाणी द्यायचा, जागल्या पिकाची राखण करायचा. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी कोणते फड भिजवायचे, ते सगळे बसून ठरवत. बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत असल्यानं तोटाही वाटला जायचा. इथं कोणाला ओढून न्यायची धमकी नव्हती. नियम सगळ्यांचा होता आणि तो पाळतोय की नाही, हे सगळ्यांना दिसत होतं.

आणि आज? जळगावच्या केळीच्या पट्ट्यात बोअर खोल खोल गेल्या. मोटेनं जेवढं पाणी दिवसभरात निघायचं, ते आता बटण दाबलं की बघता बघता निघतं. कितीतरी जुन्या विहिरी कोरड्या पडल्या. काठावर सात दगड तेवढे उरले, राखायला पाणीच नाही! ठिबकचे पाइप आले हे चांगलंच, पण वाचलेल्या पाण्यात आणखी पीक वाढवलं, तर जमिनीत काय उरणार?

तेव्हा एक काम करा. आजोबांना विचारा, "तुमच्या लहानपणी विहिरीला पाणी किती हातांवर होतं?" ते वहीत लिहा. शेजारी आजचं पाणी किती खोल आहे, तेही मोठ्यांकडून विचारून लिहा. दर उन्हाळ्यात हीच नोंद करा. ते सात दगड असू द्यात जिथल्या तिथे. आजीनं मोठ्या मायेनं मांडलेत ते. फक्त त्यांची भीती सोडा, आणि पहारा आता तुम्ही द्या.