तिनाने भाग जातो का?

मिल्ड्रेड ड्रेसेलहाउस यांनी १९५८ साली शिकागो विद्यापीठातून पीएचडी मिळवली. २०१७ मध्ये, वयाच्या ८६व्या वर्षी त्या गेल्या. मधल्या ५९ वर्षांत त्यांच्या नावावर, बहुतेक सहकाऱ्यांच्या जोडीने, १,७०० हून अधिक शोधनिबंध लागले. म्हणजे दर बारा-तेरा दिवसांना एक! त्याच वर्षांत चार मुलं वाढवली, साठाहून जास्त विद्यार्थ्यांना पीएचडीपर्यंत नेलं. १९६० साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीत त्या रुजू झाल्या, तेव्हा तिथल्या सुमारे हजार शास्त्रज्ञांत बायका दोनच होत्या.

तिथे त्यांनी ग्राफाइट हाती घेतलं आणि कार्बन पुढे आयुष्यभर सोडला नाही. ग्राफाइटचे थर एकमेकांपासून ०.३३५ नॅनोमीटरवर असतात. एक मिलिमीटर जाडीत असे जवळपास ३० लाख थर मावतात. त्यातला एक सुटा केला की ग्राफिन. एक चौरस मीटर ग्राफिनचं वजन मिलिग्रॅमभरही होत नाही. हाच थर गुंडाळला की नॅनोट्यूब: व्यास साधारण एक नॅनोमीटर, आपल्या केसाच्या सुमारे ऐंशी हजारावा हिस्सा.

मला खरी थक्क करते ती याच्याही पुढची गोष्ट. थरातल्या षटकोनी जाळीवर दोन दिशांना किती पावलं मोजून कडेला कड जुळवायची, यावर नळी ठरते. दहा आणि दहा पावलं घेतली तर व्यास सुमारे १.३६ नॅनोमीटर, आणि नळी धातूसारखी वीज वाहते. दहा आणि नऊ घेतली तर व्यास जेमतेम ०.०७ नॅनोमीटरने घटतो, पण नळी अर्धवाहक होते! अणू तेच, बंध तेच. दोन आकड्यांच्या वजाबाकीला तिनाने भाग गेला तर धातू, नाही तर अर्धवाहक. त्यामुळे सगळ्या शक्य नळ्यांपैकी साधारण एक तृतीयांश धातूच्या बाजूला पडतात.

हे गणित ड्रेसेलहाउस, त्यांचे पती जीन आणि साइतो व फुजिता या जपानी सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलं. एकपदरी नॅनोट्यूब तोवर कोणी बनवलीही नव्हती. ती १९९३ साली हाती आली. एकेका नळीवर सूक्ष्मदर्शकाची सुई नेऊन डेल्फ्ट आणि हार्वर्डच्या गटांनी १९९८ मध्ये मोजमाप केलं. तिनाचा हिशेब बरोबर निघाला.