धुक्यांतील वाळवंट

आफ्रिकेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यानें सफरीस निघालेल्या प्रवासी आगबोटी नामिबियांतील वॉल्विस बे बंदरांत एखादा दिवस थांबतात. तेथून उत्तरेस सुमारें ३५ किलोमीटरांवर स्वाकोपमुंड हें हवा खाण्याचें गांव आहे. जातांना डाव्या हातास अटलांटिक महासागर, उजव्या हातास वाळूच्या टेकड्या, आणि मधून सडक.

वाळवंट म्हटलें कीं आपल्या मनांत उन्हाचा वणवा उभा राहतो. विषुववृत्ताच्या उत्तरेस अहमदाबाद जितकें दूर, जवळजवळ तितकेंच हें गांव दक्षिणेस. तरीहि सकाळीं उतरणाऱ्यानें लोकरीचें वस्त्र जवळ ठेवावें. पुष्कळदां दाट धुकें पसरलेलें असतें, आणि समुद्रांत पाय घातल्यास गारठ्यानें तो मागें घ्यावा लागतो. एवढ्या पाण्याशेजारीं हा मुलूख तहानलेला कां, हें कोडें न उलगडतां परतल्यास तो दिवस फुकट गेला, असें मी म्हणेन.

या किनाऱ्यालगत बेंग्वेला नांवाचा शीत प्रवाह दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतो. दक्षिणेकडून येणारे वारे वरवरचें पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात, व त्याच्या जागीं खोल समुद्रांतील थंड पाणी वर येतें. त्याच्या स्पर्शानें लगतची हवा गार व जड होते. वरच्या थरांतील हवा मात्र ऊन व कोरडी राहते. भांड्यावर झांकण बसावें तसा हा प्रकार. खालची हवा वर चढत नाहीं, आणि ती चढल्यावांचून पाऊस पाडणारा ढग होत नाहीं. मग तिच्यांतील ओलावा धुकें होऊन जमिनीलगत रांगतो. मुंबईस वर्षाकाठीं २००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. स्वाकोपमुंडास २५ देखील नाहीं. आणि दोन्हीं गांवें समुद्राच्याच कुशींत!

या धुक्यावर जगणारी सृष्टि मोठी नवलाची आहे. एक काळा भुंगेरा टेकडीच्या माथ्यावर डोकें खालीं व पाठ वर करून उभा राहतो. पाठीवर जमलेले थेंब ओघळून थेट त्याच्या तोंडांत जातात. गांवाच्या पूर्वेकडील माळांवर वेल्विचिया ही वनस्पति आढळते. वेल्विच या शास्त्रज्ञास ती १८५९ सालीं अंगोलांत प्रथम दिसली. तिला जन्मभर दोनच पानें. तींच वाढतात व वाऱ्यानें फाटून त्यांच्या चिंध्या होतात. शोभा म्हणाल तर मुळींच नाहीं, पण कांहीं झाडांचें वय हजार वर्षांहून अधिक भरतें.

गांव वसविलें जर्मनांनीं, १८९२ सालीं. वॉल्विस बेचें उत्तम बंदर इंग्रजांच्या हातीं असल्यामुळें त्यांना स्वतःचें बंदर हवें होतें. त्यांनीं बांधलेल्या धक्क्याशीं थोड्याच वर्षांत वाळू साचली. मग समुद्रांत लांब पूल घालून माल उतरवूं लागले. दीपगृह, १९०१ सालचें रेल्वे स्टेशन (आतां तेथें हॉटेल आहे) आणि उतरत्या छपरांचीं घरें पाहून आपण युरोपांतच आलों कीं काय असें वाटतें. प्रवासी तेवढीं छायाचित्रें घेतात, कॉफी पितात व बोटीची वेळ झाली म्हणून निघतात.

परंतु १९०४ सालीं हेरेरो लोकांनीं, व त्याच वर्षीं पुढें नामा लोकांनीं, जर्मन सत्तेविरुद्ध उठाव केला. सेनापति फोन ट्रोथा यानें हेरेरोंच्या संहाराचा हुकूम काढला. हजारों माणसें वाळवंटांत तहानेनें मेलीं. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलें. त्यांतील एक छावणी याच गांवीं होती. बायकामुलांसह कैदी थंडींत, अपुऱ्या अन्नावर राबले आणि फार मोठ्या संख्येनें मेले. जें धुकें प्रवाशास मौजेचें वाटतें, त्यांतच तीं उघडीं माणसें दिवस काढीत होतीं. जर्मन सरकारनें या कृत्यास वंशसंहार म्हटलें तें २०२१ सालीं.

गांवाच्या कडेस दफनभूमीजवळ वाळूचे बुटके उंचवटे दूरवर पसरले आहेत. बहुतेकांवर ना दगड ना नांव. १९०८ सालीं उभारलेलें जर्मन नौसैनिकांचें स्मारक भर गांवांत दिसतें. या कबरींकडे मात्र वाट विचारीत जावें लागतें.